मास्क नव्हता, म्हणून मेला?

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर झालेल्या चर्चेचा रोख असा की, मृतांनी मास्क लावला नव्हता, हातमोजे घातले नव्हते, औषधे एकमेकांत मिसळली होती. थोडक्यात, मेले ते स्वतःच्या हलगर्जीपणाने! उत्पादकांनी असे म्हणावे यात नवल नाही. शासकीय यंत्रणेनेही तीच री ओढावी, हे संतापजनक आहे.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती. पंपाची नळी वर धरावी लागे आणि तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर, छातीवर उतरे. सप्टेंबरच्या उकाड्यात भरलेला पंप पाठीवर घेऊन, रबरी कोट घालून उपदेशकांनी एक दिवस फवारणी करून दाखवावी. जे साधन आपल्या हवामानात अंगावर टिकतच नाही, त्याच्या भरवशावर ‘सुरक्षित’ ठरविलेले विष सुरक्षित नव्हेच.

डब्यावरील त्रिकोणाचेही तेच. १९६८ चा कायदा व १९७१ चे नियम यांनुसार त्याचा रंग ठरतो तो प्रयोगशाळेतील प्राणी मारण्यास किती मात्रा लागते यावरून. आठवडेच्या आठवडे रोजंदारीवर फवारणाऱ्या देहाचे काय होते, हे तो त्रिकोण सांगत नाही.

आणि पुरावा मिळाल्यावर तरी काय होते? मोनोक्रोटोफॉसच्या धोक्याकडे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये भारताचे लक्ष वेधले. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या मध्यान्ह भोजनातून ते पोटात जाऊन २३ मुले दगावली. बंदीचा आदेश निघाला २०२३ मध्ये, तोही ३६ टक्के द्रावणापुरता आणि साठा खपविण्यास मुदत देऊन! यवतमाळच्या संदर्भात नाव आलेले डायफेन्थ्युरॉन स्वित्झर्लंडने स्वतःच्या शेतांतून कधीच हद्दपार केले होते. त्याची निर्यात मात्र २०२१ मध्ये थांबविली. युरोपीय देहाला एक न्याय व विदर्भातील मजुराला दुसरा, असा हा व्यवहार आहे.

बंदीची मागणी शहरी मध्यमवर्गाची आहे, तिने लहान शेतकरी अडचणीत येईल, असे आमच्याही काही कार्यकर्त्यांना वाटते. ही शंका उडवून लावण्याजोगी नाही. कीड आली की कोरडवाहू शेतकऱ्याजवळ थांबायला वेळ नसतो, आणि उधारीवर माल देणारा कृषी केंद्रवालाच त्याचा सल्लागार असतो. म्हणूनच बंदीबरोबर शासनाचा कृषी सहायक बांधावर पोहोचला पाहिजे आणि पर्यायी औषधाचा वाढीव खर्च सरकारने सोसला पाहिजे. पण शेतकऱ्याच्या अडचणीचे मोल मजुराच्या प्राणाने फेडावे, हा तोडगा आम्हांस मान्य नाही.

ऑर्गनोफॉस्फरस विषबाधेत ॲट्रोपिन वेळेवर मिळाले तर माणूस वाचू शकतो, आणि रक्तातील कोलिनेस्टरेझच्या तपासणीने धोका ओळखता येतो. फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक तालुका शाखेने आपल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन ॲट्रोपिनचा साठा किती आहे व ही तपासणी कोठे होते, याचे लेखी उत्तर मागावे आणि ते आमच्याकडे पाठवावे. आलेली उत्तरे, तसेच न आलेली उत्तरे, तालुक्याच्या नावासह याच पानावर छापली जातील.