बोअरिंग माणसाची १९ वर्षं

अप्रेझलचा महिना आला की ऑफिसात दोन जमाती ठळक दिसतात. एक, काम कमी आणि बॉसला सीसी जास्त करणारी. दुसरी, मान खाली घालून राबणारी आणि मग कँटीनमध्ये 'आपल्याला मार्केटिंग जमत नाही यार' म्हणत चहा ढोसणारी. या दुसऱ्या जमातीसाठी माझ्याकडे एक हिरो आहे : टिम डंकन.

बास्केटबॉल म्हटलं की आपल्याला जॉर्डन आठवतो, कोबे आठवतो. डंकनचं पोस्टर कुणाच्या हॉस्टेलच्या भिंतीवर मी तरी पाहिलेलं नाही. पावणेसात फुटांहून उंच माणूस, पण आवडता शॉट कुठला? बोर्डावर कोनात बॉल आपटून बास्केटमध्ये टाकायचा. पीटीचे सर शिकवतात तोच!

खरं तर तो स्विमर. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावरचा. १९८९ मध्ये ह्युगो वादळाने तिथला मोठा पूल उद्ध्वस्त केला. पुढच्याच वर्षी, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई कॅन्सरने गेली. पोहणं सुटलं. कॉलेज पूर्ण करीन, हा आईला दिलेला शब्द मात्र राहिला. एनबीए कोट्यवधी डॉलर घेऊन दारात उभी असताना हा पठ्ठ्या वेक फॉरेस्टमध्ये चार वर्षं शिकला, सायकॉलॉजीची डिग्री घेतली आणि मगच, १९९७ मध्ये, सॅन अँटोनिओ स्पर्समध्ये रुजू झाला. २००० मध्ये ओरलँडोला जवळजवळ गेलाच होता. नाही गेला. पाच चॅम्पियनशिप त्याने एकाच टीमकडून जिंकल्या.

कोच ग्रेग पॉपोविच त्याला सगळ्यांदेखत झापायचा. नंबर वन प्लेअर ऐकून घेतोय म्हटल्यावर बाकीचे कुठल्या तोंडाने रुसणार? २०१२ मध्ये एका मॅचला त्याला विश्रांती दिली, तेव्हा ऑफिशियल स्कोअरशीटवर न खेळण्याचं कारण छापलं गेलं : 'म्हातारा'!

त्याच वर्षी नव्या करारात त्याने पगार निम्म्याहून कमी करून घेतला. २ कोटी १० लाख डॉलरवरून थेट एक कोटीच्या आत. एनबीएत टीमच्या एकूण पगारावर मर्यादा असते. याने कमी घेतलं की चांगले सहकारी टिकवता येतात. आता हा किस्सा तुमच्या एचआरने पॉवरपॉइंटवर टाकला तर प्लीज भुलू नका. पंधरा वर्षांची तगडी कमाई बँकेत असलेल्याला हे परवडतं, होम लोनचा ईएमआय भरणाऱ्याला नाही. शिवाय त्याला बदल्यात काहीतरी मिळत होतं : जिंकू शकणारी टीम.

तरी २०१३ ची फायनल मायामीविरुद्ध हरलेच. सातव्या मॅचच्या शेवटच्या मिनिटात, बरोबरी साधून देणारा अगदी जवळचा शॉट त्याचा हुकला. एरवी दगडासारखा चेहरा ठेवणाऱ्या डंकनने दोन्ही हात फ्लोअरवर आपटले. पुढच्या वर्षी, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्याच मायामीला ४-१.

कोबेने २०१५-१६ चा अख्खा सीझन गावोगाव निरोप घेतला. डंकन त्याच वर्षी रिटायर झाला. ११ जुलै २०१६ ला स्पर्सची प्रेस नोट आली, बस्स. पत्रकार परिषद नाही, सत्कार नाही. दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर आला तो पॉपोविच, डंकनचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून.