पैसे पूर्ण, मालकी अर्धी

‘फोन आम्ही सवलतीत देतो. ती सवलत वसूल होईपर्यंत तो आमच्याच नेटवर्कवर चालला पाहिजे. यात चूक काय?’ अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्या वर्षानुवर्षं हेच सांगत आल्या आहेत. ऐकायला ते इतकं रास्त वाटतं की तिकडे राहणारी आपली मंडळीही ते आपल्याला ऐकवतात. भावाने सुट्टीत येताना आईसाठी आणलेला आयफोन इथलं सिम घेत नाही, तेव्हा ‘तिकडे असंच असतं’ म्हणून विषय मिटवला जातो. तो मिटू नये, कारण या युक्तिवादाचा पायाच कच्चा आहे.

पहिल्या आयफोनचंच पाहा. जून 2007 मध्ये तो अमेरिकेत 499 आणि 599 डॉलरला विकायला आला. त्या किमतीत एटी अँड टी या मोबाइल कंपनीची कसलीही सवलत नव्हती. ग्राहकाने पुरते पैसे मोजले, वर दोन वर्षांचा करार केला, आणि तरीही फोन एटी अँड टीपुरता लॉक. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये आयफोन 3जी भारतात आला. एअरटेल आणि व्होडाफोनकडे 8 जीबीच्या फोनला 31,000 रुपये पडत होते. सवलतीचा इथेही पत्ता नव्हता, लॉक मात्र होताच. वसूल करायला काही नसतानाही लॉक असेल, तर त्याचं काम वसुली नव्हे, गिऱ्हाईक अडकवून ठेवणं हे आहे.

जिथे खरोखर हप्ते असतात, तिथे वसुलीसाठी करार पुरतो. हप्ते बुडवले की कंपनी मागे लागते, क्रेडिट स्कोअर घसरतो, करार मध्येच मोडला तर उरलेली रक्कम भरावी लागते. कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजा चढतो, म्हणून पेट्रोल अमुकच पंपावर भरा असं बँक सांगत नाही.

यावर कंपन्यांचं पुढचं अस्त्र म्हणजे भीती. 2024 मध्ये एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, सगळ्याच कंपन्यांना 60 दिवसांनंतर फोन अनलॉक करायला लावायचा प्रस्ताव मांडला. तेव्हा प्रीपेड ग्राहकांच्या फोनवरची सवलत 40 ते 70 टक्क्यांनी घटेल, असा इशारा टी-मोबाइलने दिला. आकडा घाबरवणारा आहे खरा, पण व्हेरायझनच्या उदाहरणापुढे तो टिकत नाही. 2008 च्या स्पेक्ट्रम लिलावात 700 मेगाहर्ट्झ पट्ट्यातला सी ब्लॉक घेताना या कंपनीने फोन लॉक न करण्याची अट पत्करली होती. 2012 मध्ये तिने आयफोन 5 विकला तो अनलॉक्ड, आणि तोही दोन वर्षांच्या करारावर 199 डॉलरला. सवलतही होती, लॉकही नव्हता, आणि कंपनीचं दिवाळं काही वाजलं नाही.

पुढे 2019 मध्ये याच व्हेरायझनने चोरी आणि फसवणुकीचं कारण देऊन 60 दिवसांच्या लॉकची मुभा मिळवली. इथे मात्र थोडं मान्य करायला हवं. खोट्या नावावर फोन उचलून परदेशात विकणाऱ्या टोळ्या आहेत, आणि पहिलं-दुसरं बिल थकलं की लबाडी उघडी पडते. तेवढ्यासाठी दोन महिने समजू शकतात. पण 2025 मध्ये हे दोन महिनेही पुरत नाहीत म्हणून कंपनी पुन्हा एफसीसीच्या दारात उभी राहिली. चोरीचा फोन थांबवायचा तर त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख पटवणारा क्रमांक काळ्या यादीत टाकतात. आपल्याकडे 2023 पासून देशभर सीईआयआर ही सरकारी यंत्रणा हेच काम करते. लॉकमुळे गैरसोय होते ती नियमाने बिल भरणाऱ्याची.

अनलॉक करणं बेकायदेशीर आहे, हा समजही उगाच पसरलेला नाही. गाणी-सिनेमांची चोरी रोखायला 1998 साली केलेल्या कॉपीराइट कायद्याच्या आधारे, 26 जानेवारी 2013 नंतर विकत घेतलेला फोन कंपनीच्या परवानगीशिवाय अनलॉक करणं अमेरिकेत खरोखरच बेकायदा ठरलं होतं. आपल्याच पैशांनी घेतलेल्या वस्तूबाबत! व्हाइट हाउसकडे लाखाहून अधिक सह्यांचा अर्ज गेला आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी ओबामांच्या सहीने ही बंदी उठवणारा कायदा झाला. मात्र त्या कायद्याने ग्राहकाला सोडवलं तेवढंच. ‘फोन अनलॉक करून द्या’ अशी सक्ती कंपन्यांवर केली नाही. सगळी मेख तिथेच आहे.

ती सक्ती इतरांनी करून दाखवली. कॅनडात कंपन्यांनी 2016 या एका वर्षात निव्वळ अनलॉकच्या शुल्कापोटी 3 कोटी 77 लाख कॅनेडियन डॉलर कमावले होते. 1 डिसेंबर 2017 पासून नियामकाने ते शुल्क बंद केलं आणि नवे फोन अनलॉक्डच विकायला लावले. जपानने ऑक्टोबर 2021 पासून आणि ब्रिटनने त्याच डिसेंबरपासून लॉक केलेल्या फोनची विक्री थांबवली. हप्त्यांवर फोन या तिन्ही देशांत अजूनही मिळतात.

आपल्याकडे बहुतेक फोन अनलॉक्डच विकले जातात. अपवाद आहे जिओभारतचा: 2023 मध्ये 999 रुपयांना आलेला, फक्त जिओवर चालणारा फोन. करार नाही, हप्ता नाही आणि किंमत खरोखर कमी. लॉकच्या बाजूचा हा सगळ्यात बळकट दाखला आहे, आणि इतक्या स्वस्तात फोन हवा असेल त्याने तो जरूर घ्यावा. माझं म्हणणं एवढंच, की ही अट खोक्यावर किमतीइतक्याच ठळक अक्षरांत हवी आणि तिला मुदत हवी.

अमेरिकेत असणाऱ्यांनी, तिकडे निघालेल्यांनी कायद्याची वाट पाहत बसू नये. इथला अनलॉक्ड फोन तिथले बँड पकडतो का ते पाहून सोबत न्यावा, नाहीतर तिथे ‘अनलॉक्ड’ म्हणूनच विकला जाणारा घ्यावा. कंपनीच्या दुकानात ‘फ्री’ दिसणाऱ्या फोनचे पैसे बहुधा दोन-तीन वर्षांच्या बिलांतून फिरून येतात. जुना आयफोन घेताना सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडून ‘कॅरिअर लॉक’पुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलंय का ते पाहावं; इतर फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम घालून पाहावं. आणि भारतात फोन पाठवण्याआधी, तिथलं खातं चालू असतानाच अनलॉकची मागणी करावी. पात्र ग्राहकाच्या मागणीवर दोन कामकाजी दिवसांत कार्यवाही करायची आणि प्रीपेड फोन जास्तीत जास्त वर्षभरात अनलॉक करायचा, असं वचन तिथल्या मोठ्या कंपन्यांनी आपल्या संघटनेमार्फत दिलेलं आहे. त्याचा हवाला देऊन लेखी मागावं.

हे राहून गेलं की मग मुंबईच्या मनीष मार्केटच्या किंवा पुण्याच्या बुधवार पेठेच्या वाऱ्या सुरू होतात. तिथे पूर्वी सिमखाली पातळ चिप सरकवून फोन चालू करून देत, आणि पुढच्या अपडेटला तो पुन्हा बंद पडे. आयफोन 14 पासून अमेरिकी आयफोनला सिमचा कप्पाच नाही, सगळा कारभार ई-सिमवर. त्यामुळे आता ती चिप सरकवायलाही जागा उरलेली नाही.