उन्हाळ्यातला त्रिरश्मी

नाशिकची त्रिरश्मी लेणी पाहायला आपण जातो ते बहुधा पावसाळ्यात, नाहीतर बुद्धपौर्णिमेला. वंदना झाली की पायऱ्या उतरून घराची वाट. उन्हाळ्यात त्या डोंगरावर काय पाहायचे, असे आमच्या वस्तीतले तरुणही विचारतात. म्हणून यंदा भीमजयंतीची धामधूम सरल्यावर सुट्टीच्या सकाळी आम्ही चार घरची माणसे, दोन आज्या आणि सात-आठ पोरे घेऊन पाथर्डी फाट्याला उतरलो. खर्च बसभाड्याचा आणि लेण्यांच्या तिकिटाचा. भाकरी, चटणी, कांदा घरचा. पाणीही घरचेच न्यावे. वर कातळात कोरलेली टाकी आहेत, शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे, पण ते पाणी आता पिऊ नये.

पायथ्यालाच बहावा भेटला. पान एकही नाही आणि अंगभर पिवळे घोस! शेजारी गेल्या वर्षीच्या हातभर लांब काळ्या शेंगा लोंबत होत्या. त्यांतला गर पोट साफ व्हायला देतात, हे पोरांना एका आजीने सांगितले. पळसाची फुले सरून चपट्या शेंगा धरल्या होत्या. पळसाच्या शेंगेत टोकाला एकच बी असते, आणि वारा तिला शेंगेसकट उडवत नेतो. काटेसावरीची बोंडे उकलून कापूस रस्ताभर पसरला होता, पोरे तो धरायला धावत होती. थोडे वर कुडा पांढरा फुललेला. त्याची साल आवेवर देत असत. दवाखाना लांब आणि खिसा रिकामा, त्या काळात आपल्या बायकांचे औषधाचे दुकान म्हणजे हाच डोंगर. त्यांना झाडांची नावे शाळेने शिकवली नव्हती. आज पोरांना शाळा आहे, पण बहावा आणि सोनमोहोर यांतला फरक त्यांना सांगता येत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

सर्वांत नवल रानकांद्याचे. उघड्या, तापलेल्या मुरमातून पानाशिवाय नुसता दांडा वर येतो आणि त्याला फुले लागतात. पाने पावसानंतर.

मात्र वाटेत एक मोठा पट्टा काळा पडलेला दिसला. वणवा. वाळल्या गवतावर विडीचे थोटूक पडले तरी पुरे होते. काहीजण तर पुढल्या वर्षी गवत चांगले येते म्हणून मुद्दाम पेटवतात. झळ लागते ती बोटभर रोपांना आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या तित्तर-लाव्यांना. पहिल्या पावसात राखेबरोबर वरची मातीही वाहून जाते, मग तिथे खडक तेवढा उरतो. मेणबत्ती-अगरबत्ती लावायची ती लेण्यांखाली, विहारात लावावी. डोंगरावर काडीपेटी नेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमच्यातल्या एकाने तंबाखूची पुडी खाली टाकली, ती त्याच्याच मुलीने उचलून त्याच्या खिशात घातली!

वर लेण्यांच्या ओसरीत गारवा होता. एकूण २४ लेणी. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्खूंच्या चीवरांसाठी आणि इतर गरजांसाठी त्याने विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले आणि चिखलपद्र गावी नारळाची ८,००० झाडे दिली, असे त्यात कोरले आहे. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी झाडे देणे हे दगडावर नोंदवण्याजोगे दान होते. आठवे लेणे मुगुदास नावाच्या कोळ्याने आपल्या परिवारासह दिलेले. राजाच्या जावयापासून दोन लेण्यांवर एका मासेमाराचे नाव आहे, हे ऐकून आमच्यातले कारखान्यातले कामगार बराच वेळ त्या अक्षरांपुढे उभे राहिले.

उतरताना करवंदाच्या जाळीपाशी पोरे अडली. फळे हिरवीगार होती. आजी म्हणाली, "अरं बाळांनो, आत्ता तोडू नका, लोणच्याला मूठभर घ्या बस. पौर्णिमेला येऊ तवा काळी झालेली असतील." पोरांनी जाळी ओळखता यावी म्हणून शेजारच्या दगडावर दगड रचून ठेवला.