नाताळ आणि अवतार: भेद जाणा
नाताळ आला की करावे गावापासून शहरातील सोसायट्यांपर्यंत आपलेच सुशिक्षित बांधव सांगू लागतात, 'आमचा अवतार, त्यांचा ख्रिस्त, सारे एकच!' हे औदार्य नव्हे, वैचारिक आळस आहे. इ. स. ४५१ च्या कॅल्सेडन परिषदेने ख्रिस्त पूर्ण ईश्वर व पूर्ण मानव असल्याचे घोषित केले. त्यांच्या मते हे देहधारण एकदाच घडले. १६१६ साली गोव्यात छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त फादर स्टीफन्स यांनी ओवी आमची घेतली, सिद्धान्त मात्र आपलाच ठेवला. आमचा ईश्वर मत्स्यरूपातही अवतरतो, युगायुगांत येतो. त्याची कृपा एकाच जन्मात कशी सामावणार? शेजाऱ्याला शुभेच्छा अवश्य द्याव्यात. पण घरी मुलांना दशावताराचा अर्थ कोण सांगणार?