ठोशापेक्षा तहान वाईट
मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणजे नुसती मारामारी, असे आम्ही म्हणणार नाही. बॉक्सिंगचे ठोसे, कुस्तीची पकड, जुजुत्सूचे डाव, सारे एकाच लढतीत. १९९३ साली डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली तेव्हा वजनगटही नव्हते. आज आहेत, हाताने थोपटून हारही मानता येते.

आम्हाला धास्ती वजनाचीच. हलक्या गटात बसायला खेळाडू पाणी तोडतात, घाम गाळतात. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा अवघ्या २१ वर्षांचा चिनी खेळाडू मनिलात वजन उतरवतानाच गेला. मग वन चॅम्पियनशिपने ही पद्धत बंद केली. आता तिथे लघवी तपासून अंगात पाणी पुरेसे आहे का, ते पाहतात.

वस्तीतल्या मुला-मुलींनी हा खेळ जरूर शिकावा. उस्ताद पाणी बंद करायला सांगत असेल, तर आईवडिलांनी त्याच दिवशी लेकराला घरी आणावे.