चुकीला नोबेल मिळत नसतं

"प्रयोगशाळेत चूक झाली आणि नोबेल मिळालं!" शिराकावांची ही गोष्ट सत्कार-समारंभांत ऐकून ऐकून वीट आला, मंडळी. १९६७ मध्ये टोकियोत उत्प्रेरक हजारपट जास्त पडला आणि पॉलिअ‍ॅसिटिलीनचा चंदेरी पापुद्रा जमला, हे खरंच. पण त्यातून वीज धड वाहतच नव्हती! मॅकडायर्मिड आणि हीगर यांच्यासोबत त्याला हॅलोजनची वाफ दिली, तेव्हा वाहकता कोट्यवधी पटींनी वाढली. ते छापून आलं १९७७ साली. मधली दहा वर्षं भाषणात कुणी मोजत नाही.

आता अशाच, एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या बहुवारिकांचे सपाट, जाळीदार पत्रे विणणं चालू आहे. (विणकाम येणाऱ्यांना हे चटकन कळेल.) इमीन बंध जुळतो, सुटतो, पुन्हा जुळतो. चुकलेला टाका उसवता येतो, म्हणून जाळी रेखीव होते; पण इलेक्ट्रॉन त्यातून अडखळतच जातात. कार्बन-कार्बन दुहेरी बंध घाला, ते छान धावतात. पण चुकलेला टाका सहसा उसवत नाही. २०१७ मध्ये असा स्फटिकी पत्रा साधला, तो हा बंधही थोडा मागे फिरेल अशी अभिक्रिया शोधून.

आणि आम्ही मुलांना सांगतो काय, तर बिनधास्त चुका!