जमिनीवरून लढणाऱ्यांनाही शिखर हवे

हैदराबादजवळच्या दुंडीगल येथील हवाई दल अकादमीत जून आणि डिसेंबरमध्ये दीक्षान्त संचलन होते. खांद्यावर फ्लाइंग ऑफिसरची पट्टी सगळ्यांच्याच लागते, पण कौतुक होते ते छातीवर 'विंग्ज' मिरवणाऱ्यांचे. तांत्रिक, प्रशासन, लॉजिस्टिक्स, लेखा, शिक्षण, हवामान या शाखांत जाणारे घरच्यांच्या बोलण्यातही 'ग्राउंड ड्यूटीवाले' ठरतात. कायम कमिशन असलेल्यांना विंग कमांडरपर्यंतची बढती साधारण सेवाकाळावर मिळते. खरी चाळण त्यानंतर लागते. आजवरचे सर्व हवाई दलप्रमुख उड्डाण शाखेतूनच आले आहेत. वैमानिकांच्या युद्धात हे स्वाभाविक होते. आताच्या युद्धात ते तितके स्वाभाविक राहिलेले नाही.

मे 2025 मधील 'ऑपरेशन सिंदूर'मध्ये शत्रूची ड्रोन आणि क्षेपणास्त्रे रोखण्याचा भार मोठ्या प्रमाणावर रडार, एस-400 सारख्या यंत्रणा आणि त्यांना एका धाग्यात गुंफणाऱ्या हवाई नियंत्रण जाळ्यावर होता. ते चालवणारे जमिनीवरच होते. हा बदल हवाई दलाने आधीच ओळखला होता. म्हणूनच 2022 मध्ये 'वेपन सिस्टिम्स' या नव्या शाखेची घोषणा झाली. क्षेपणास्त्रे, दूरनियंत्रित विमाने, गुप्तवार्ता विश्लेषण आणि बहुआसनी विमानांतील शस्त्रसंचालन तिच्याकडे आले. विमान सज्ज ठेवणेही लढाईचाच भाग आहे. नाशिकजवळच्या ओझर येथील डेपोत सुखोईचे ओव्हरहॉलिंग झाले नाही, तर वैमानिक कितीही निष्णात असला तरी विमान हँगरमध्येच राहील.

कॉकपिटमधला धोका ज्याने पत्करलेला नाही, त्याने वैमानिकाला मोहिमेवर कसे धाडावे, असा आक्षेप जमिनीवरच्या शाखांनाही शिखरपदे देण्यावर घेतला जातो. स्क्वाड्रनपुरता तो रास्तच आहे. मात्र कमांड मुख्यालयात निर्णय विमानांबरोबरच क्षेपणास्त्रे, ड्रोन आणि सुट्या भागांचेही घ्यावे लागतात. शिवाय शत्रूचे पहिले घाव रडार आणि क्षेपणास्त्र तळांवरच पडतात, तेव्हा धोका एकट्या वैमानिकाचा उरत नाही. उड्डाणाचे आकर्षण ओसरेल ही भीतीही अनाठायी आहे. ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला 2006 मध्ये लढाऊ वैमानिक म्हणून रुजू झाले, पुढे चाचणी वैमानिक झाले आणि 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोहोचले. अशी वाट कोणी बुजवा म्हणत नाही. तिच्या शेजारच्या वाटाही शिखरापर्यंत जाव्यात, एवढेच मागणे आहे. नव्या शाखेचे अधिकारी वरिष्ठ हुद्द्यांवर पोहोचायला वीसेक वर्षे आहेत. त्यांना केवळ सल्लागारपदे मिळणार की प्रत्यक्ष कमांडही, हे बढतीच्या नियमांत आजच लिहून ठेवायला हवे.